एसटी, एनएसटी आणि ‘मानवी चूक’

गेले कित्येक शनिवार हा लेख लिहायला बसतो आणि चहा गार करून उठतो. आज मात्र लिहूनच टाकतो. कारण या आठवड्यात ऑफिसात पुन्हा एका आरसीएमध्ये ते दोन शब्द वाचले : ‘मानवी चूक’.

(आरसीए म्हणजे रूट कॉज अ‍ॅनालिसिस. आयटीबाहेरच्या मंडळींसाठी : काही मोडलं की ग्राहकाला पाठवायचा माफीनामा. फरक इतकाच की त्यात माफी नसते आणि बहुतेक वेळा कॉजही नसतं.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा रविवार तरी वाचेल. ‘मानवी चूक’ हे कारण म्हणून लिहायला सरळ बंदी घातली पाहिजे. त्या दोन शब्दांतून काय बिघडलं ते कळत नाही. बोट कुणाकडे दाखवायचं तेवढं ठरतं. आणि ते बोट कधी वर जात नाही. आठ वर्षांच्या अनुभववाल्याकडून दोन वर्षांच्या पोराकडे, तिथून कंत्राटी ऑपरेटरकडे, असं उतरत उतरत जातं.

उदाहरण टेपचं घेतो, कारण त्यात माझे स्वतःचे हात अडकले आहेत.

टेप म्हटलं की आमच्या पिढीला हसू येतं. क्लाउडच्या जमान्यात टेप? हसा खुशाल. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर बगमुळे जीमेलच्या काही खात्यांतली सगळी पत्रं दिसेनाशी झाली होती. गूगलच्याच हिशेबाने ०.०२ टक्के लोकांची. डेटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटासेंटरमध्ये होत्या, पण बग तिथेही पोचलेला. शेवटी ती पत्रं परत आली ती टेपवरून. टेप कपाटात पडलेली असते, कशाला जोडलेली नसते, त्यामुळे बग असो की रॅन्समवेअर, त्याचा हात तिथवर पोचत नाही. बाकी तिची अब्रू काढायचं काम आपण माणसं करतो.

म्हणजे बघा, युनिक्समध्ये फाइली टेपवर टाकायची जी कमांड आहे ती टार. नावातच टेप आर्काइव्ह. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर ती आली, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. तिला ‘सी’ दिलं की ती टेपवर लिहिते, ‘एक्स’ दिलं की टेपवरून काढते आणि ‘टी’ दिलं की नुसती यादी दाखवते. कीबोर्डवर एक्स आणि सी शेजारी शेजारी आहेत. एका बोटाच्या अंतरावर ‘डेटा परत आण’ आणि ‘डेटावर लिही’. आणि टेपचा स्वभाव असा की लिहिणं जिथे थांबतं तिथे ड्राइव्ह ‘डेटा इथे संपला’ अशी खूण करतो आणि त्यापुढचं वाचायला साफ नकार देतो. टेपच्या सुरुवातीला दहा केबी चुकून लिहिले गेले तर पुढचे दोन टीबी जागच्या जागी असूनही तुमच्यासाठी गेले.

दुसरी गंमत ड्राइव्हच्या नावाची. लिनक्समध्ये एकाच टेप ड्राइव्हला दोन नावं असतात : एसटी-झीरो आणि एनएसटी-झीरो. ड्राइव्ह तोच, वागणूक वेगळी. एसटी-झीरो नावाने काम केलं की काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते. एनएसटी-झीरोने केलं तर टेप जिथे थांबली तिथेच राहते. मला हे ज्यांनी शिकवलं त्यांची भाषा सोपी होती. ते म्हणायचे, “सर, एसटी म्हणजे एसटीच. फेरी झाली की परत डेपोत. आणि एनएसटी म्हणजे मुक्कामी गाडी.”

ते म्हणजे आमचे टेपकाका. खरं नाव इथे लिहीत नाही. पन्नाशीचे, आयटीआय झालेले, दुसऱ्या एका एजन्सीच्या कंत्राटावर. काम म्हणजे टेप घालणं, कागदावरच्या कमांड मारणं, टेप काढणं, लेबल लावणं, कपाटात ठेवणं. मला ते ‘सर’ म्हणायचे. वय माझ्या दुप्पट. मी बीई ना!

(आता तुमच्या लक्षात आलं असेल की एसटी-एनएसटीचा फरक काकांना ठाऊक होता. मग चूक झालीच कशी? थांबा, तेच सांगतोय.)

ग्राहक होता यंत्राचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. दर महिन्याच्या शेवटी त्यांच्या सर्व्हरवरचे दोन फोल्डर टेपवर जायचे : आधी ड्रॉइंग्ज, मग रिपोर्ट्स. ड्रॉइंग्ज महत्त्वाची म्हणून आधी. टेपवर गेली की संपलेल्या कामांची ड्रॉइंग्ज सर्व्हरवरून काढून टाकायची. मे २०२१ मध्ये नवा सर्व्हर आला तेव्हा कुणीतरी कामाचा कागद, म्हणजे आमच्या भाषेत एसओपी, नव्याने लिहिला. त्यात पहिली कमांड : टार, सी, एसटी-झीरो, ड्रॉइंग्ज. दुसरी कमांड : टार, सी, एसटी-झीरो, रिपोर्ट्स. तिसरी : यादी काढून दिसते का ते पाहा.

काय झालं ते ओळखलंत ना? पहिली कमांड संपली, एसटी डेपोत परत आली. दुसरी कमांड सुरुवातीपासून लिहायला लागली, थेट ड्रॉइंग्जच्या डोक्यावर. कुठेही एरर नाही. टारने दोन्ही वेळा ‘यशस्वी’ म्हणूनच सांगितलं, कारण तिच्या दृष्टीने ते यशस्वीच होतं. तिसऱ्या कमांडने यादी काढली तर यादी दिसली. रिपोर्ट्सची. कागदावर ‘यादी दिसते का’ एवढंच विचारलेलं. दिसते. टिक.

मे २०२१ ते नोव्हेंबर २०२३. एकतीस महिने, एकतीस टेप, प्रत्येकीवर सुबक अक्षरात लेबल.

काकांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, “दोन्हीकडे एसटी कसं?” उत्तर मिळालं : “कागदात आहे तसं करा, काका. तुम्ही बदल केला आणि काही झालं तर जबाबदारी तुमची.” हे उत्तर देणारा आता परदेशात आहे, सुखी आहे, आणि मलाही तेव्हा तिथे असतो तर दुसरं उत्तर सुचलं नसतं. आपल्याकडे ऑपरेटरने डोकं चालवलं की ती शिस्तभंग, आणि नाही चालवलं की मानवी चूक.

डिसेंबर २०२३ मध्ये कारखान्याला एका जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली आणि ऑगस्ट २०२२ ची ड्रॉइंग्ज हवी झाली. रात्री अकराची वेळ. डेटासेंटरच्या गारठ्यात मी आणि काका. काकांनी कपाटातून ऑगस्टची टेप काढली, तिच्या कडेची लाल खिट्टी नखाने सरकवली आणि मग ती ड्राइव्हमध्ये घातली. मी घाईत होतो, खाली फोनवर मॅनेजर थांबलेला. कमांड मारली. एरर आला : रीड-ओन्ली. मी ड्राइव्हला शिव्या घालणार तेवढ्यात काका मागून म्हणाले, “सर, एक्स पायजे होता ना? तुम्ही सी मारलाय.”

घाम फुटणे हा वाक्प्रचार मी तोवर फक्त वाचला होता. त्या लाल खिट्टीमुळे टेपवर लिहिता येत नाही. ती सरकवा असं कागदात कुठेही नव्हतं. काकांची सवय, एवढंच. ती सवय नसती तर त्या टेपवर जे काही होतं तेही मी, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, तिथल्या तिथे पुसलं असतं.

मग एक्स मारला. ड्रॉइंग्ज नाहीत. यादी काढली, फक्त रिपोर्ट्स. सप्टेंबरची घातली. रिपोर्ट्स. जुलैची. रिपोर्ट्स. पाचव्या टेपनंतर मी कागद हातात घेतला आणि दोन ओळी एकाखाली एक वाचल्या. काका काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. तरी पहाटेपर्यंत एकतीसच्या एकतीस टेप घालून बघितल्या. रिपोर्ट्स तर सर्व्हरवरही शिल्लक होतेच. म्हणजे अडीच वर्षं आम्ही जे गमावणार नव्हतो त्याचाच बॅकअप घेत होतो.

खूण झालेल्या जागेच्या पुढचा भाग खास उपकरणांनी वाचून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांचा खर्च ऐकून कारखान्याने नको म्हटलं आणि लागतील तशी ड्रॉइंग्ज जुन्या कागदी प्रिंटवरून पुन्हा काढायला घेतली.

आरसीए मी लिहिली. पहिल्या मसुद्यात लिहिलं : कागदातली कमांड चुकीची आहे, आणि गेल्या अडीच वर्षांत एकदाही रिस्टोअर करून पाहिलेलं नाही. मॅनेजर वाईट माणूस नाही, दोन मुलांचा बाप आहे, त्याने शांतपणे विचारलं : “कागद मंजूर कुणी केला हे ग्राहक विचारेल. मग काय सांगायचं?” मी म्हटलं, आपणच. तो म्हणाला, “मग?”

अंतिम प्रतीतलं वाक्य असं : ‘ऑपरेटरने यादीची काळजीपूर्वक पडताळणी न केल्याने, म्हणजेच मानवी चुकीमुळे, बॅकअप अपूर्ण राहिला.’ उपाय : ऑपरेटरचं पुनर्प्रशिक्षण. हे वाक्य मी टाइप केलं. त्याच चेकलिस्टवर ऑक्टोबर २०२२ पासून दुसरी सही माझी होती, चौदा महिने, यादी न बघता, हेही कुणी विचारलं नाही. आणि त्या रात्री झालेली एकमेव खरी मानवी चूक, म्हणजे माझा ‘सी’, ती तर आरसीएत आलीच नाही, कारण तिने काही नुकसान केलं नाही. मार्चमध्ये काकांचं कंत्राट वाढवलं नाही. दोन्हींचा काही संबंध नाही असं मला सांगण्यात आलं.

आता काही वाचक म्हणतील, अरे पण बघायला हवं होतं ना त्यांनी यादीत ड्रॉइंग्ज आहेत का. हवं होतं. मीही बघायला हवं होतं. फाइलींची नावं म्हणजे नुसते जॉब नंबर, दोन्ही फोल्डरमध्ये सारखेच, स्क्रीनवरून सरसर वर जाणारे काही हजार. त्यातून काय नाही ते शोधायचं! माणूस थकतो, विसरतो, एक्सच्या जागी सी मारतो हे गृहीत धरूनच काम आखायचं असतं. पुलाला कठडा बांधतात तो लोक तोल जाऊन पडतात म्हणूनच ना? कठडा न बांधता कुणी पडला तर ‘मानवी चूक’ असा पंचनामा करणार का आपण?

आणि टारमध्ये कठडे फार नाहीत. कमांड नवशिक्याच चुकवतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे करून पाहावं (आपल्या मशीनवर, ग्राहकाच्या नाही :-)). डॅश देऊन ‘सीव्हीएफ’ऐवजी ‘सीएफव्ही’ अशा क्रमाने अक्षरं लिहा. एफच्या लगेच पुढे जे येतं तेच आर्काइव्हचं नाव, त्यामुळे टार तुमच्या चालू फोल्डरमध्ये ‘व्ही’ नावाची फाइल बनवते आणि सगळा डेटा तिच्यात भरते. टेप कोरी राहते. किंवा ड्राइव्हच्या नावात अक्षरं उलटसुलट होऊन ‘एनटीएस-झीरो’ लिहा. असा ड्राइव्हच नाही, पण तुम्ही रूट असाल तर टार तक्रार करत नाही, त्या नावाची साधी फाइल बनवते. ड्राइव्हच्या नावांचा हा फोल्डर आताच्या लिनक्सवर मेमरीत असतो. डेटा थोडा असेल तर बॅकअप ‘यशस्वी’, आणि मशीन रीस्टार्ट झालं की गायब. किंवा मोठ्या ब्लॉकने लिहिलेली टेप लहान ब्लॉकने वाचायला जा. एरर येतो : मेमरी देता येत नाही. वास्तविक मेमरीचा काही प्रश्न नाही, ब्लॉकचा आकडा वाढवून द्यायचा एवढंच. पण तो संदेश वाचून रॅम वाढवायचं तिकीट टाकलेलं मी पाहिलं आहे.

टार घाबरते फक्त एका ठिकाणी. काय ठेवायचं तेच सांगितलं नाही, तर ग्नू टार चक्क म्हणते की मी ‘भित्रेपणाने’ रिकामं आर्काइव्ह बनवायचं नाकारत आहे. हा विनोद लिहिणाऱ्याने भरलेल्या टेपवर लिहितानाही थोडा भित्रेपणा ठेवला असता तर किती बरं झालं असतं.

असो. मोठ्या कंपन्या काय करतात ते बघू, कारण आपल्याकडे कुठलीही गोष्ट तिकडची सांगितली की जरा ऐकतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या डेटाबेस सर्व्हरवर फोल्डर उडवायची कमांड मारली. सुमारे ३०० जीबी. थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता : बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा, म्हणून तो रोज फेल, आणि फेल झाल्याची मेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी कामाला आली ती त्याच इंजिनिअरने दुसऱ्याच कारणासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत. हे सगळं त्यांनी जगासमोर मांडलं, दुरुस्ती लाइव्ह दाखवली, आणि अहवालात त्या माणसाचं नाव न घालता बॅकअप का चालत नव्हते याची चिरफाड केली.

त्यानंतर चारच आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीवर एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या कागदाप्रमाणेच कमांड मारली, पण त्यातलं एक इनपुट चुकलं आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर बंद झाले. अर्धं इंटरनेट काही तास आडवं. अ‍ॅमेझॉनने बदललं ते अवजार : सर्व्हर एका मर्यादेखाली काढताच येणार नाहीत आणि काढले तरी हळूहळू निघतील अशी सोय केली. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर तर बॅकअपच्याच स्क्रिप्टने सुमारे ७७ टीबी संशोधन पुसून टाकलं. चालू स्क्रिप्टवर नवी स्क्रिप्ट टाकली गेली होती, आणि बॅश स्क्रिप्ट चालवता चालवता वाचत जातं. यंत्रणा पुरवणाऱ्या एचपीईने लेखी सांगितलं की जबाबदारी पूर्णपणे आमची. रात्रपाळीच्या कुणा काकांची नाही.

ते संत आहेत म्हणून हे करतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण ‘मानवी चूक’ लिहिलं की शोध तिथेच थांबतो हे त्यांना कळलेलं दिसतं. आपल्याला कळलेलं नाही, याचा पुरावा हाताशी आहे.

२०२३ मध्ये आमच्याकडच्या प्रतीत मी पेनने दोन ठिकाणी ‘एन’ घातला आणि जानेवारीत दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलो. कंपनीच्या सामायिक फोल्डरमधली मूळ प्रत कुणी बदलली नाही. कशी बदलणार? आरसीएप्रमाणे कागदात चूक नव्हतीच, चूक माणसात होती! तो कागद कुणीतरी ‘तयार एसओपी’ म्हणून दुसऱ्या एका प्रोजेक्टला दिला. फक्त एक भर घालून, ठळक अक्षरात : ‘ऑपरेटरने यादी काळजीपूर्वक तपासावी.’ त्याच्या वर त्याच दोन ओळी, दोन्हीकडे एसटी-झीरो. या आठवड्यात त्यांचं रिस्टोअर फसलं. ऑपरेटर तेवीस वर्षांचा आहे, पहिलीच नोकरी.

मसुदा माझ्याकडे नुसता वाचायला आला होता. सोमवारी तो ग्राहकाकडे जाईल. काल रात्री मी त्यात ‘मानवी चूक’ खोडून कागदातल्या दोन ओळी चिकटवल्या आहेत, खाली २०२३ चा माझा पहिला मसुदा जोडला आहे, आणि तेव्हाच्या चौदा सह्या माझ्या होत्या हेही नावासकट लिहिलं आहे. उपायांत पुनर्प्रशिक्षण काढून दर महिन्याला एक टेप उचलून खरोखर रिस्टोअर करून पाहायचं घातलंय, आणि रिस्टोअर करणाऱ्या लॉगिनला ड्राइव्हवर लिहायची परवानगीच द्यायची नाही, म्हणजे माझ्यासारख्याने सी मारला तरी काही होणार नाही. मॅनेजर आता वेगळा आहे. त्याचा अजून रिप्लाय नाही.

आज सकाळी धीर करून काकांना फोन केला. भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात हल्ली. मी बरंच काही बोललो, आरसीएचं, माझ्या वाक्याचं. त्यांना ते ठाऊकच होतं. मध्ये मशीनचा आवाज येत होता, कुणीतरी आधारकार्डाच्या पाठपोट दोन प्रती मागत होतं. मग त्यांनी विचारलं, “त्या पोराचं नाव काय?”

मी सांगितलं.

“बरं. त्याला म्हणावं, कपाटातून टेप काढली की आधी खिट्टी सरकवायची. मगच आत घालायची.”